फर्नेस ढिम्म हलत नाही: इग्नायटर मागवण्याआधी काय काय तपासाल

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात गॅसवर चालणारी, डक्टमधून गरम हवा सोडणारी फर्नेस आहे. काल संध्याकाळपासून ती चालूच होत नाही. थर्मोस्टॅटचा स्क्रीन नीट दिसतो, तापमान वाढवलं की आतून ‘टिक’ असा आवाजही येतो, पण फर्नेस ढिम्म. पंखा नाही, ज्योत नाही, घरघर नाही. ओळखीतल्या कुणीतरी ‘इग्नायटर गेला असणार’ असं छातीठोकपणे सांगितलं. टेक्निशियन परवाशिवाय येत नाही, तर इग्नायटर, म्हणजे गॅस पेटवणारा पार्ट, मागवून स्वतःच बसवू का? आणि जाता जाता एक ओळ: काल दुपारी फिल्टर बदलला, तोपर्यंत सगळं ठीक होतं.

इग्नायटर मागवू नका. तो गेला असता तर तुम्हाला वेगळंच काहीतरी ऐकू आलं असतं. ते काय, हे पुढे येईलच. आणि ती जाता जाता लिहिलेली शेवटची ओळ मला सगळ्यात कामाची वाटते.

त्याआधी सुरक्षिततेचं उरकून घेऊ. फर्नेसजवळ गॅसचा वास येत असेल तर कुठलंही बटण दाबू नका, दिवा लावू नका आणि लागलेला असेल तर बंदही करू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि गॅस कंपनीला किंवा अग्निशमन दलाला बाहेरूनच फोन करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, किंवा घरातल्या दोघातिघांना एकदमच डोकेदुखी, मळमळ, चक्कर असं होऊ लागलं, तरीही हेच करायचं. त्या वायूला ना रंग ना वास, त्यामुळे ‘मला तर काही जाणवत नाही’ या म्हणण्याला अर्थ नसतो. इथून पुढचं सगळं, वास नाही आणि अलार्मही नाही, असं धरून लिहितो आहे.

फर्नेस कधी एका झटक्यात चालू होत नाही. थर्मोस्टॅट दोन वायरी एकमेकींना जोडतो आणि बोर्डाला, म्हणजे फर्नेसचं सगळं काम चालवणाऱ्या आतल्या सर्किटला, ‘उष्णता हवी’ असा २४ व्होल्टचा निरोप जातो. बोर्ड आधी लिमिट स्विच (फार तापलं की सुटणारा) आणि प्रेशर स्विच (हवेचा ओढा ओळखणारा) जागेवर आहेत का ते पाहतो. मग इंड्युसर, म्हणजे जळालेला वायू बाहेर ओढणारा छोटा पंखा, सुरू होतो. त्याने पुरेसा ओढा तयार केला की प्रेशर स्विच बंद होतो, म्हणजे जोडला जातो. त्यानंतर इग्नायटर तापून लाल-पिवळा होतो, त्याला साधारण १५ ते ३० सेकंद लागतात. मग गॅस व्हॉल्व्ह उघडतो, बर्नर पेटतात, ज्योत खरोखर लागली आहे हे फ्लेम सेन्सर बोर्डाला काही सेकंदांत कळवतो. आणि साधारण अर्ध्या ते एका मिनिटाने मोठा ब्लोअर चालू होऊन घरात हवा येते.

हा क्रम डोक्यात पक्का असला की निम्मं निदान झालंच. फर्नेस कुठल्या पायरीपर्यंत पोचली ते कान देऊन ऐका; तिच्या पुढच्या पायरीचे पार्ट आपोआप संशयातून सुटतात. तुमच्याकडे इंड्युसरच फिरत नाही. इग्नायटरची पाळी त्याच्यानंतर येते, मग दोष त्याच्या माथी कसा मारायचा? इग्नायटर खराब असता तर इंड्युसरची घरघर सुरू झाली असती, अर्ध्या-एक मिनिटाने थांबली असती, मग पुन्हा तोच प्रकार झाला असता.

यात एक मेख आहे. अशा तीन-चार अपयशी प्रयत्नांनंतर बोर्ड स्वतःला कुलूप घालून घेतो आणि मग फर्नेस गप्पच दिसते. बरेच बोर्ड तासाभराने किंवा त्याहून जास्त वेळाने आपणहून पुन्हा प्रयत्न करतात, मधल्या काळात तुम्ही गेलात तर मेल्यासारखी शांतता. म्हणून पहिली परीक्षा हीच: थर्मोस्टॅट ‘हीट’वर ठेवून तापमान खोलीपेक्षा चांगलं पाच अंश वर न्या, फर्नेसचा वीजपुरवठा अर्धा मिनिट बंद करून पुन्हा चालू करा आणि पहिली दोन-तीन मिनिटं तिथेच उभे राहा. काहीतरी फिरलं तर गोष्ट वेगळी, तिच्याकडे नंतर येतो. काहीच नाही हललं तर खालच्या क्रमाने जा. मात्र वीज घालवण्याआधी बोर्डावरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते बघून लिहून ठेवा, कारण काही बोर्ड वीज जाताच जुना कोड विसरतात.

आता तुमच्या फिल्टरकडे. बऱ्याच फर्नेसमध्ये फिल्टर खालच्या, ब्लोअरच्या कप्प्यात असतो आणि तो काढायला पुढचं पत्र्याचं झाकण काढावं लागतं. त्या झाकणामागे एक छोटा खटका असतो. झाकण जागेवर बसलं की तो दाबला जातो, झाकण काढलं की सुटतो आणि अख्ख्या फर्नेसची वीज तोडतो. उद्देश साधा आहे: झाकण उघडं असताना ब्लोअर फिरला तर हाताला इजा होऊ शकते, आणि शिवाय तो आजूबाजूची हवा, प्रसंगी जळालेला वायूसुद्धा, ओढून घरभर फेकू शकतो. झाकण वरच्या खाचेत नीट न अडकता नुसतं टेकून राहिलं, किंवा नवा फिल्टर थोडा जाड निघाला आणि झाकण दोन-चार मिलिमीटर पुढे राहिलं, तर डोळ्यांना सगळं ठीक दिसतं आणि खटका मात्र दाबलेला नसतो. फर्नेस तेव्हा तंतोतंत तुम्ही सांगता तशीच वागते.

झाकण पूर्ण काढा. आतल्या बाजूने बघा: खटक्याच्या समोर झाकणावर पत्र्याची एक जीभ किंवा दुमडलेली कड असते, तीच खटका दाबते. ती वाकली आहे का? खटका बोटाने दाबल्यावर मोकळेपणाने आत जाऊन परत येतो का? झाकण आधी वर उचलून वरच्या खाचेत घाला, मग खालून आत ढकला आणि तळहाताने खटक्याच्या जागी दाबून धरा. त्या क्षणी बारीकसा ‘टक’ ऐकू आला आणि झाकणातल्या छोट्या काचेतून दिवा लागलेला दिसला, तर तुमचं काम झालं. जीभ वाकली असेल तर पक्कडीने सरळ करा. खटक्यावर चिकटपट्टी लावून तो कायमचा दाबून ठेवण्याचा ‘जुगाड’ मी पुष्कळ घरांत पाहिला आहे. टेक्निशियन तपासणीपुरता तसं करतो, पण झाकणाशिवाय किंवा चिकटपट्टीवर फर्नेस चालवणं म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळ आहे.

झाकण ठीक असेल तर वीज. मुख्य पॅनेलमधला फर्नेसचा ब्रेकर बघा. पडलेला ब्रेकर अनेकदा पूर्ण ‘बंद’कडे जात नाही, मध्येच अडकतो, आणि घाईत तो चालूच वाटतो. आधी पूर्ण बंद करा, मग चालू करा. पुन्हा लगेच पडला तर हट्टाने चढवत बसू नका, कुठेतरी शॉर्ट आहे. नंतर फर्नेसच्या जवळपासचा स्विच शोधा. तो साध्या दिव्याच्या बटणासारखाच दिसतो आणि जिन्याजवळ किंवा फर्नेसच्या अंगावर असतो. माळ्यावर, तळघरात सामान ठेवायला गेलेला माणूस दिवा समजून तो बंद करतो आणि बाहेर येतो. हसू येईल, पण ‘फर्नेस मेली’ म्हणून आलेल्या बोलावण्यांत याचा वाटा बराच मोठा असतो. गॅसचा कॉकही एकदा बघा: दांडी नळीच्या रेषेत असेल तर चालू, आडवी असेल तर बंद. घरात गॅसची शेगडी असेल तर ती पेटते का, एवढं पाहिलं तरी गॅस येतोय की नाही ते कळतं. अर्थात तुमच्या बाबतीत गॅस नसता तरी इंड्युसर फिरलाच असता, त्यामुळे हे नुसतं खात्रीपुरतं.

थर्मोस्टॅटबद्दल लोकांचा एक ठाम समज असतो की स्क्रीन चालू आहे म्हणजे तो ठीक, आणि फर्नेसमध्ये वीजही आहे. हे तुमचा थर्मोस्टॅट कसा आहे यावर अवलंबून आहे. सेलवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचा स्क्रीन फर्नेस अख्खी उचलून नेली तरी चालूच राहील, आणि तो ‘टिक’ आवाजही येईल. तो आवाज आतल्या रिलेचा, म्हणजे विजेने हलणाऱ्या छोट्या स्विचचा आहे, फर्नेसने ऐकलं की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. सेल उतरत आले असतील तर उलटंही होतं: आकडे दिसतात पण रिले ओढायला जोर पुरत नाही. म्हणून सेल बदलून टाका, त्यावर विचार करण्यात वेळ घालवू नका. याउलट ज्या थर्मोस्टॅटला सेल नसतात, जो फर्नेसकडूनच ‘सी’ नावाच्या वायरीने वीज घेतो, त्याचा स्क्रीन काळा पडला असेल तर थर्मोस्टॅट बदलायला धावू नका. त्याला वर वीजच पोचत नाहीये, आणि दोष खाली आहे. नव्या थर्मोस्टॅटचा स्क्रीनही तितकाच काळा राहील.

इथपर्यंत साधनं लागली नाहीत. पुढचं निदान २४ व्होल्टच्या वायरींवर होतं, त्यासाठी एक साधा मल्टिमीटर हवा. २४ व्होल्टचा झटका बसत नाही, पण त्याच कप्प्यात मेनच्या वायरीही असतात. उघड्या पॅनेलमध्ये चालू विजेवर मोजमाप करण्याची सवय नसेल तर इथेच थांबा. त्यात कमीपणा नाही.

बोर्डावर एका ओळीत स्क्रूची टर्मिनलं दिसतील, त्यांवर इंग्रजी अक्षरं असतात. ‘आर’ म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून येणारे २४ व्होल्ट, ‘सी’ म्हणजे त्याची परतीची बाजू, ‘डब्ल्यू’ म्हणजे उष्णतेची मागणी, ‘जी’ म्हणजे पंखा, ‘वाय’ म्हणजे एअर कंडिशनर. मीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक ‘सी’वर, दुसरं ‘आर’वर लावा. झाकण काढलेलं असल्यामुळे खटका या मोजमापापुरता कुणीतरी दाबून धरावा लागेल. केस, बाह्या, ओढणी सांभाळून आणि ब्लोअरपासून लांब उभं राहून.

२४ ते २८ च्या दरम्यान रीडिंग आलं तर ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्यामागचं सगळं ठीक. काहीच नाही आलं तर बोर्डावरचा फ्यूज बघा. तो मोटारीत असतो तसाच पात्याचा फ्यूज असतो, बहुतेक वेळा ३ अँपियरचा जांभळा किंवा ५ अँपियरचा फिकट तपकिरी. आतली तार तुटलेली दिसते. नव्या फ्यूजचा अँपियर तोच ठेवा. मोठा घातला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळेल. फ्यूज ठीक आणि तरी २४ नाहीत, तर ट्रान्सफॉर्मरकडे मेनचा पुरवठा पोचतो का आणि त्याच्या दुसऱ्या बाजूने काही निघतं का, हे दोनच प्रश्न उरतात.

फ्यूज मात्र उगाच उडत नाही. थर्मोस्टॅट बदलताना वीज बंद न करता ‘आर’ची वायर ‘सी’ला लागली तर उडतो, हे नेहमीचं. दुसरी जागा म्हणजे थर्मोस्टॅटची वायर फर्नेसच्या पत्र्यातून आत शिरते तिथली धारदार कड. कंपनाने वायरीचं आवरण वर्षानुवर्षं घासलं जातं. तिसरी, एसीच्या बाहेरच्या युनिटकडे जाणारी बारीक वायर, जिला ऊन, उंदीर आणि गवत कापायचं यंत्र हे तीन शत्रू. नवा फ्यूज घालताच उडाला तर वीज बंद करून थर्मोस्टॅटकडे आणि बाहेर जाणाऱ्या सगळ्या बारीक वायरी बोर्डावरून सोडवा, जागा लक्षात राहाव्यात म्हणून आधी फोटो काढून ठेवा. फ्यूज घालून वीज द्या. टिकला, तर शॉर्ट वायरींत आहे. मग दर वेळी वीज बंद करून एकेक वायर परत जोडत जा. जिच्यावर फ्यूज उडेल ती चोर.

‘आर’ आणि ‘सी’ मध्ये २४ आहेत असं धरू. आता थर्मोस्टॅटवरून उष्णता मागा आणि ‘सी’ व ‘डब्ल्यू’ मध्ये मोजा. इथे २४ नाहीत, तर निरोप वाटेतच हरवतोय: थर्मोस्टॅट किंवा मधली वायर. खात्रीचा उपाय म्हणजे वीज बंद करून थर्मोस्टॅटच्या वायरी बोर्डावरून काढायच्या, ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ एका छोट्या वायरीने जोडायचे, झाकण लावायचं आणि वीज द्यायची. फर्नेस क्रमाने सुरू झाली तर तिच्यात खोट नाही. हा जम्पर फक्त परीक्षेपुरता. तो ठेवून झोपी गेलात तर फर्नेसला थांबायला सांगणारं कुणी उरत नाही.

‘डब्ल्यू’वर २४ पोचताहेत आणि तरीही इंड्युसर हलत नाही, ही सगळ्यात मजेशीर अवस्था. इथे बोर्डावरच्या दिव्याचा कोड आणि झाकणाच्या आत चिकटवलेला तक्ता तुमच्या कामाचे. त्या तक्त्यावर विद्युतजोडणीचा नकाशाही असतो. प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे असतात, तेव्हा दुसऱ्याच मॉडेलचा तक्ता वाचून अंदाज बांधू नका. साधारणपणे शक्यता तीन: लिमिट किंवा रोलआउट स्विच उघडा पडलाय, प्रेशर स्विच इंड्युसर बंद असतानाच जोडलेला दिसतोय, म्हणून बोर्ड पुढे जायला नकार देतोय, किंवा बोर्डाचा रिले वा इंड्युसरची मोटर गेली आहे. मोटरच्या दोन वायरींवर बोर्ड मेनचा पुरवठा देतो आणि ती फिरत नाही, तर मोटर दोषी. पुरवठाच येत नाही, तर बोर्डाकडे बघायचं.

स्विच तपासण्याची एक युक्ती मी शिकाऊ मुलांना सगळ्यात आधी दाखवतो. मीटरची दोन टोकं एकाच स्विचच्या दोन्ही बाजूंना लावायची, मागणी चालू ठेवून. स्विच जोडलेला असेल तर दोन्ही बाजू सारख्याच, म्हणून मीटर शून्य दाखवतो. स्विच उघडा असेल तर एका बाजूला २४ अडून बसलेले असतात आणि मीटर २४ दाखवतो. नवशिक्याला हे उलटं वाटतं. शून्य दिसलं की तो घाबरतो आणि २४ दिसले की खूश होतो. बहुतेक बोर्डांवर हे चालतं. शंका वाटली तर वीज बंद करून स्विचची एक वायर काढायची आणि कंटिन्युइटी, म्हणजे स्विचमधून वीज आरपार जाते का, ते मीटरने बघायचं.

रोलआउट स्विचवर छोटं बटण असतं, दाबलं की तो परत जुळतो. हे बटण दाबून विषय मिटवू नका. तो उडतो तेव्हा ज्योत बर्नरच्या खोक्यातून बाहेर, जिथे तिचं काही काम नाही तिथे, आलेली असते. हीट एक्स्चेंजर, म्हणजे ज्योतीची उष्णता घरातल्या हवेला देणारा धातूचा भाग, तडकलेला असू शकतो, धुराची वाट तुंबलेली असू शकते. इथे फर्नेस बंद ठेवून तज्ज्ञाला बोलवावंच लागतं. लिमिट स्विच त्यामानाने साधा. हवा पुरेशी वाहत नसली की तापून सुटतो आणि गार झाला की आपोआप जुळतो. गच्च भरलेला फिल्टर, फर्निचरखाली झाकलेल्या जाळ्या, बंद केलेले डक्ट ही त्याची कारणं. तुम्ही नवा फिल्टर घातलात. तो जुन्यापेक्षा फारच दाट, ‘अ‍ॅलर्जीसाठी खास’ असा असेल तर हेही लक्षात ठेवा, फक्त त्याने फर्नेस थोडा वेळ चालून थांबते, सुरूच होत नाही असं होत नाही.

आता पाण्याचं. तुमच्या फर्नेसचा धूर जाडजूड पत्र्याच्या नळीऐवजी प्लास्टिकच्या नळीने बाहेर जात असेल तर ती कंडेन्सिंग जातीची आहे. ती वाफेतली उष्णताही काढून घेते, त्यामुळे दिवसाला काही लिटर किंचित आम्लयुक्त पाणी तयार होतं. ते ट्रॅपमधून, म्हणजे थोडं पाणी अडवून धरणाऱ्या वळणातून, निचऱ्याला जातं. ट्रॅप बुळबुळीत घाणीने तुंबला, किंवा बाहेर जाणारी नळी गोठली, की पाणी मागे सरकतं आणि प्रेशर स्विचच्या रबरी नळीत शिरतं. पाणी वर चढवणारा छोटा पंप असेल तर त्यात एक फ्लोट स्विच असतो. काही घरांत तो थेट ‘आर’च्या वायरीत जोडलेला असतो, म्हणजे पंपाची टाकी भरली की थर्मोस्टॅटचा स्क्रीनही जातो. फर्नेसच्या पायाशी पाणी, गंजाचे ओघळ किंवा काठोकाठ भरलेला पंप दिसला तर आधी तिकडे. ट्रॅप काढून कोमट पाण्याने धुवा, परत पाण्याने भरून बसवा. रबरी नळी स्विचवरून काढून मगच फुंका. स्विचला जोडलेली असताना फुंकलीत तर आतला नाजूक पडदा फाटतो. बाहेरच्या भिंतीवरची हवा घेणारी आणि धूर सोडणारी तोंडंही बघा: बर्फ, पालापाचोळा, गांधीलमाशांचं पोळं.

वीज बंद-चालू केल्यावर फर्नेस हलली, पण टिकली नाही, असं झालं तर? इंड्युसर फिरतो आणि पुढे काहीच होत नाही: प्रेशर स्विच, त्याची नळी, निचरा, धुराची वाट. इंड्युसर फिरतो, आतल्या छोट्या काचेतून बघितलं तर लालीचा पत्ता नाही: आता मात्र इग्नायटर. त्यावर केसासारखी पांढरी चीर दिसते. नवा बसवताना तापणाऱ्या भागाला बोट लावू नका आणि तो कशावरही आपटू देऊ नका, फार ठिसूळ असतो. लाली येते, गॅस पेटत नाही: गॅस किंवा व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्हला हात घालणं तुमचं काम नाही.

सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार मात्र चौथा: ज्योत छान लागते, तीन ते पाच सेकंदांत विझते, परत लागते, परत विझते, मग कुलूप. हा फ्लेम सेन्सर. ज्योतीत बुडालेली ती पातळशी धातूची काडी. ज्योतीतून वीज एका दिशेने जास्त सहज वाहते, त्यामुळे काडीला एसी व्होल्ट दिले की अगदी थोडा डीसी प्रवाह मिळतो, काही मायक्रोअँपियर एवढाच. काडीवर वर्षभरात काचेसारखा सूक्ष्म थर चढला की तेवढाही पोचत नाही आणि बोर्ड समजतो, ज्योत नाहीच, गॅस बंद करा. वीज आणि गॅस बंद करा, एक स्क्रू काढा, काडी बाहेर घ्या, तारेच्या मऊ घासणीने किंवा अगदी बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, कोरड्या कापडाने पुसा, परत लावा. दहा मिनिटांचं काम. पूर्ण साफ करूनही ज्योत टिकत नसेल तर बोर्डाचं अर्थिंग ढिलं आहे का आणि फेज-न्यूट्रल उलटे जोडले गेलेत का ते बघा. ज्योतीतला प्रवाह अर्थिंगमधूनच परततो.

हे वाचणाऱ्या काहींकडे फर्नेस नसून बॉयलर आणि रेडिएटर असतील, त्यांच्यासाठी दोन शब्द. आधी दाबाचा काटा बघा. प्रणाली गार असताना १ ते १.५ बार हवा; ०.५ च्या खाली गेला की बरेच बॉयलर पेटायला नकार देतात. भरण्याच्या कॉकने दाब वाढवता येतो, पण आठवड्या-पंधरवड्यात पुन्हा पडत असेल तर कुठेतरी गळती आहे. नळाला गरम पाणी येतं आणि रेडिएटर मात्र गार, म्हणजे बॉयलर ठणठणीत आहे. पाणी कुठे वळवायचं ते ठरवणारा मोटरचा व्हॉल्व्ह, पंप किंवा खोलीतला थर्मोस्टॅट तपासा. कडाक्याच्या थंडीत सकाळी बॉयलर गुडगुड आवाज करून बंद पडला तर निचऱ्याची बाहेरची नळी गोठलेली असते. तिच्यावर कोमट पाणी ओता, उकळतं नाही. रीसेटचं बटण एकदा दाबून बघायला हरकत नाही. तेलावर चालणाऱ्या बर्नरला तर एकदाच. दर वेळी दाबलं की न जळलेलं तेल भट्टीत साठतं, आणि मग ते पेटतं तेव्हा एकदम पेटतं.

परत तुमच्याकडे. माझा अंदाज विचाराल तर आधी झाकण आणि खटका, मग फ्यूज, मग निचरा. फिल्टर काढताना तिथली बारीक वायर ओढली जाऊन निसटली असंही होतं, तेव्हा खालच्या कप्प्यात टॉर्च मारून सुटलेलं टोक दिसतंय का बघा. यातून निघालं नाही तर टेक्निशियनला फोनवर ‘हीटिंग चालत नाही’ असं सांगू नका. बोर्डावरचा दिवा लागतो की नाही, किती वेळा लुकलुकतो, ‘आर-सी’ आणि ‘डब्ल्यू-सी’ मध्ये किती व्होल्ट आले, इंड्युसर फिरतो का, आणि आतल्या पाटीवरचा मॉडेल नंबर, एवढं सांगा. तो योग्य पार्ट गाडीत घालूनच निघेल. नाहीतर पहिल्या फेरीत बघून जाईल, पार्ट घेऊन दुसऱ्यांदा येईल आणि दोन्ही फेऱ्यांचे पैसे तुम्ही भराल.

तोवर रात्र काढायची तर शेगडी किंवा ओव्हन उघडा ठेवून खोली गरम करू नका, कोळशाची शेगडी तर घरात आणूच नका. विजेचा हीटर वापरलात तर तो थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा, एक्स्टेंशन बोर्डाला नको, आणि पडद्या-अंथरुणापासून किमान मीटरभर लांब ठेवा. बाहेर तापमान शून्याखाली जात असेल तर बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या नळांतून पाण्याची बारीक धार चालू ठेवा आणि सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा, म्हणजे खोलीतली ऊब नळ्यांपर्यंत पोचेल. आज झाकण आणि फ्यूज बघून झाले की दिव्याचा कोड आणि मॉडेल नंबर कळवा, त्यावरून पुढची पायरी सांगतो.